तरंगमबाडीची गादी आणि तंजावरचे सरफोजीराजे

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय तामिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्चबद्दल. स्थापना 14 जानेवारी 1919 ची, पण मूळ जुनं, 1706 ला झिगेनबाल्ग हे जर्मन पाद्री तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला उतरले तिथपासूनचं. कारभार असा, की गावोगावच्या मंडळ्या, त्यांचे पाळक, मग सिनड म्हणजे चर्चची प्रतिनिधी सभा, कौन्सिल आणि वर बिशप. बिशपची गादी तरंगमबाडीच्या नावाची, पण ऑफिस तिरुचिरापल्लीला. नाव तरंगमबाडीचं, कारभार तिरुचीतून, हे लक्षात असू द्या.

पहिले बिशप 1921 ला झाले ते स्वीडनचे हॉयमन, आणि पहिले भारतीय बिशप राजा मणिकम (राजा हे नावच बरं का), 1956 ला. मला हे फार उशिरा झालं असं वाटतं, कारण आरोन नावाचे तमिळ गृहस्थ 1733 लाच पाळक झाले होते. पाळक 1733, बिशप 1956.

आता ज्यांच्याबद्दल मला मनापासून सांगायचंय ते श्वार्ट्झ. 1750 ला तरंगमबाडीला आलेले जर्मन पाद्री, बिशप कधीच नव्हते, पण शब्दाला वजन एवढं की 1779 ला इंग्रजांचा माणूस बोलणीला येणार म्हटल्यावर हैदर अली म्हणाला, दुसरा कोणी नको, तो पाद्री पाठवा, तो मला फसवणार नाही.

आणि तंजावरला तर आपलेच भोसले राज्य करत होते ना! तुळजाराजांनी 1787 ला मरायच्या आधी नऊ-दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतलं आणि पोराला सांभाळा म्हणून श्वार्ट्झना गळ घातली. त्यांनी एवढी मोठी जबाबदारी घेतली नाही, म्हणून सूत्रं गेली राजांचे भाऊ अमरसिंग यांच्याकडे, आणि त्यांनी पोराला अक्षरशः कोंडून ठेवलं, ना शिक्षण ना काही. मग मात्र श्वार्ट्झ मध्ये पडले, ईस्ट इंडिया कंपनीकडे पत्रांवर पत्रं लिहिली, स्वतः शिकवलं आणि शेवटी 1793 ला मुलाला मद्रासला हलवलं. धर्म बदल असं काही झालं नाही हां, सरफोजी शेवटपर्यंत हिंदूच राहिले, आणि तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय एवढं वाढवलं ते यांनीच. (हे ग्रंथालय आपल्याकडच्या प्रत्येक मराठी शाळेत शिकवायला हवं असं माझं ठाम मत आहे.)

श्वार्ट्झ गेले फेब्रुवारी 1798 मध्ये, सरफोजी गादीवर बसले त्याच वर्षी जूनमध्ये. राजांनी लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करून घेतलं, त्यात मरणाला टेकलेल्या पाद्रीबाबांचा हात राजाने धरलाय, आणि कबरीसाठी इंग्रजीत कविता रचली तीही स्वतःच.

श्वार्ट्झ यांचं तंजावरचं मिशन पुढे अँग्लिकनांकडे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चकडे गेलं, पण शिल्प अजून तिथंच आहे. तेव्हा बृहदीश्वर बघून लगेच गाडीत बसू नका, शेजारीच शिवगंगा तलावाजवळ हे शिल्प असलेलं चर्च आहे, आत जाऊन शिल्प नक्की बघा.