'नाटकं' म्हणून सोडून दिलेलं दुखणं

(काळा पडदा. एकामागून एक आवाज.)

"काही नाही हो, नाटकं आहेत."
"तिला सारखं कुणीतरी विचारायला हवं असतं."
"दुर्लक्ष करा, होईल आपोआप गप्प."
"फुटेज खातोय नुसता."

निवेदन:

ही वाक्यं बोलणारी माणसं दुष्ट नसतात. बहुतेकदा ते आईवडील असतात, जिवलग मित्र असतात, कधी शिक्षक, कधी चक्क डॉक्टर. दमलेले असतात. समोरच्याच्या दुःखाचं करायचं काय, ते सुचत नसतं. 'लक्ष वेधून घ्यायला करतोय' असं एकदा म्हटलं की काहीच करावं लागत नाही. या निदानाची खरी सोय हीच. ना तपासणी, ना औषध, ना स्वतःची झोपमोड.

खरं तर पाय मोडलेला माणूसही लक्ष वेधून घ्यायलाच ओरडतो. कुणीतरी यावं, उचलावं म्हणून. त्याला आपण नाटकी म्हणत नाही, कारण मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं. मनाचं दुखणं मात्र बहुतेक वेळा त्या माणसाच्या बोलण्यातूनच कळतं, आणि नेमकं तेच आपण खोटं ठरवतो.

(कृष्णधवल दृश्य. मुलांचा वॉर्ड, ओळीने लावलेल्या कॉट.)

१९५२, लंडन. टॅव्हिस्टॉक क्लिनिक या मानसोपचार केंद्रातले जेम्स रॉबर्टसन कॅमेरा घेऊन एका रुग्णालयात गेले. अडीच वर्षांची एक मुलगी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस तिथे राहणार होती. त्या काळी आईवडिलांना अशा वॉर्डात फार थोडा वेळ जाऊ देत. समज असा, की आई आली की मूल रडतं, ती गेली की थोड्या वेळाने रुळतं. म्हणजे बिघडवते ती आईच!

रॉबर्टसन यांनी रोज ठरलेल्या वेळीच चित्रण केलं. भिंतीवरचं घड्याळही चित्रात येऊ दिलं. रडण्याचे तेवढे क्षण वेचले, असं कुणी म्हणू नये म्हणून.

गंमत अशी, की ही मुलगी फार रडतही नाही. वयाच्या मानाने स्वतःला खूप आवरते. मध्येच हळू आवाजात आई कुठे आहे म्हणून विचारते, लगेच चेहरा नीट करते. दिवस जातात तशी ती मिटत जाते. आई भेटायला येते, तेव्हा तोंड वळवते.

लंडनच्या डॉक्टरांपुढे हे चित्रण दाखवलं, तेव्हा अनेक जण चिडले. आमच्याकडची मुलं अशी नसतात, आमच्याकडे मुलं छान रमतात, म्हणाले. रॉबर्टसन यांचं निरीक्षण वेगळं होतं. मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि शेवटी आईवाचूनच राहायला शिकतं. तिसऱ्या अवस्थेतलं मूल शांत दिसतं, परिचारिकांना त्रास देत नाही, खेळण्यांशी खेळतं. वॉर्डाच्या भाषेत ते 'रुळलेलं' असतं. १९५९ मध्ये रुग्णालयातल्या मुलांसाठी नेमलेल्या इंग्लंडमधल्या प्लॅट समितीने आईवडिलांना भेटीची मोकळीक द्यावी, अशी शिफारस केली. ती प्रत्यक्षात यायलाही पुढे बराच काळ गेला.

मोठ्या माणसांच्या बाबतीत आपण अजून त्या जुन्या वॉर्डातच आहोत. 'दुर्लक्ष केलं आणि बघा, थांबलं की नाही!' हे वाक्य किती समाधानाने उच्चारलं जातं! बोलणं थांबतं, हे खरं. दुखायचं थांबलं का, हे विचारायला कुणी जात नाही.

(एक मुलगी आरशासमोर. उकाडा असूनही पूर्ण बाह्यांचा शर्ट.)

स्वतःला इजा करून घेणाऱ्यांवर हा आरोप फार होतो. त्यातले कितीतरी जण त्या खुणा वर्षानुवर्षं लपवतात. कुणी पाहिलं तर मांजराने ओरबाडलं म्हणतात. प्रसिद्धीसाठी केलेली गोष्ट कुणी इतकी झाकून ठेवेल का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी अशा रुग्णांसाठी उपचारपद्धती उभी केली. १९९३ मध्ये त्यांनी ती सविस्तर मांडली. आपण स्वतः किशोरवयात मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यांची एक मांडणी कुठल्याही घराला लागू पडावी अशी आहे.

मूल म्हणतं, "मला वाईट वाटतंय." उत्तर येतं, "त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?" असं दहादा होतं. अकराव्यांदा मूल किंचाळतं, वस्तू फेकतं, आणि घर धावत येतं. नेहमी नाही, अधूनमधून. त्यातून मूल दोन गोष्टी शिकतं. एक, आपल्याला जे वाटतं त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. दुसरी, हळू आवाजात सांगितलेलं इथे कुणाला ऐकू येत नाही. पुढे हेच मूल मोठं होऊन टोकाचं वागलं, की आपण म्हणतो, बघा, नाटकी आहे. ही तालीम घरातच झालेली असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

खोटी दुखणी सांगणारी माणसं नसतात का? असतात. १९५१ मध्ये रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी 'द लॅन्सेट'मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं. पण आजचं वैद्यकशास्त्र त्यालाही मानसिक विकारच मानतं. म्हणजे दुखणं बनावट निघालं, तरी माणूस उपचाराला पात्रच असतो. एवढं सांगितलं की हा मुद्दा माझ्यापुरता संपतो.

(मोबाइलचा पडदा. रात्री टाकलेला मेसेज: 'आता बास झालं.' खाली हसणारे चेहरे.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी ७ लाख २० हजारांहून अधिक माणसं आत्महत्या करतात. १५ ते २९ या वयोगटात मृत्यूच्या कारणांमध्ये तिचा क्रमांक तिसरा. 'जे बोलून दाखवतात ते करत नाहीत' हा गैरसमज असल्याचं हीच संघटना सांगते. आधी एकदा प्रयत्न केलेला असणं, हा तर मोठा धोका. 'मागेही असंच केलं होतं' म्हणून निर्धास्त होणारे नेमके इथे चुकतात. आणखी एक भीती असते: थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल. तसं होत नाही. उलट विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते.

(खोलीचं दार उघडं. ताई उंबऱ्यात, भाऊ पलंगावर.)

"तो मेसेज काय होता रे?"
"काही नाही ताई. असाच. फुटेज."
"असं कोण म्हणालं?"
"सगळेच."
"बरं. मी विचारते ते सांग. जीव द्यावासा वाटतो का तुला?"
"…कधीकधी."
"आज?"
"आज जास्त."
"मी आज इथेच झोपते. औषधांचा डबा माझ्याकडे राहील. आईला मी सांगते, तू नको सांगूस. आणि डॉक्टरांना आत्ताच फोन लावते."
"एवढं काही नाहीये गं."
"नसू दे. सरक जरा तिकडे."