क्वेकर मीटिंगच्या नोंदी: नाव सापडल्यावर पुढे काय वाचायचे?

नमस्कार. कुळाचा शोध घेणारे बहुतेक लोक क्वेकरांच्या दप्तरांकडे एका नावासाठी येतात, ते नाव सूचीत सापडले की शेजारची तारीख उतरवून घेतात आणि पान मिटतात. माझ्या मते या कागदांतला खरा ऐवज ते तिथेच सोडून जातात, म्हणून आज आपण सूचीच्या पलीकडे, मूळ इतिवृत्तात काय असते ते पाहू.

क्वेकर, म्हणजेच रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स, हा सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला पंथ. त्यांच्यात बाप्तिस्मा नाही आणि लग्न लावायला पाद्री नाही, त्यामुळे चर्चच्या नोंदवह्यांत त्यांचा माग सहसा लागत नाही. त्याऐवजी परिसरातले सभासद महिन्यातून एकदा कामकाजासाठी जमत, पुरुषांची आणि स्त्रियांची सभा वेगळी भरे, आणि या मंथली मीटिंगचा क्लार्क झालेले कामकाज लिहून ठेवी. जन्म-मृत्यूच्या वह्या असतच; पण इतिवृत्ताचा मुख्य हेतू सभासदांच्या वर्तनावर लक्ष ठेवणे हा होता, आणि म्हणूनच ते इतके बोलके आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत नोंद होते ती यजमान तिथे गेला की. इथे मात्र बोलावूनही मनुष्य आला नाही, याचीसुद्धा नोंद होते.

उदाहरण घेऊ डॅनियल बूनच्या घराण्याचे. केंटकीचा हा प्रसिद्ध वाटाड्या पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर घरात जन्मला. त्याची बहीण सारा हिने १७४२ मध्ये पंथाबाहेरच्या तरुणाशी लग्न केले, तेव्हा वडील स्क्वायर बून यांना तिथल्याच एक्सेटर मीटिंगपुढे चूक मान्य करावी लागली. पुढे थोरला मुलगा इझ्राएल यानेही तसेच लग्न केले. या वेळी वडील नमले नाहीत आणि १७४८ मध्ये मीटिंगने त्यांचे सभासदत्व काढून घेतले. दोनच वर्षांनी कुटुंब पेनसिल्व्हेनिया सोडून नॉर्थ कॅरोलिनातल्या याडकिन खोऱ्याकडे निघाले. या स्थलांतराला मीटिंगशी झालेला बेबनाव हेच एकमेव कारण होते असे मी म्हणणार नाही, कारण तिकडची स्वस्त जमीनही ओढत होती. पण केवळ जन्मतारखांच्या यादीतून हा प्रश्न मुळात पडलाच नसता. सभासदत्व गेले तरी उपासनेला येऊन बसायला बंदी नसे, हेही ध्यानात ठेवावे.

आता तारखांकडे वळू, कारण सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. महिन्यांची आणि वारांची रूढ नावे मूर्तिपूजकांच्या देवतांवरून पडलेली, म्हणून क्वेकर ती टाळत आणि नुसते आकडे लिहीत. रविवार म्हणजे पहिला दिवस. डॅनियल बूनची जन्मतारीख त्या पद्धतीने १७३४ च्या आठव्या महिन्याचा २२ वा दिवस अशी येते. घाईत वाचणारा तिथे ऑगस्ट लिहून मोकळा होतो. पण इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि पहिला महिना म्हणजे मार्च, त्यामुळे आठवा महिना ऑक्टोबर ठरतो. नव्या, म्हणजे ग्रेगोरियन, पंचांगाचे ११ दिवस मिळवले की तारीख २ नोव्हेंबर होते. हा बदल १७५२ मध्ये झाला. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला आणि तेव्हापासून पहिला महिना म्हणजे जानेवारी. म्हणून माझा आग्रह असा की टिपणात तारीख आधी मूळ लिहिली आहे तशीच उतरवावी, आणि आपला अर्थ तिच्याखाली वेगळा लिहावा.

लग्नाच्या बाबतीतही असाच चकवा आहे. वधूवर मीटिंगपुढे आपला मनोदय जाहीर करीत, दोघे अन्य कुठे वचनबद्ध नाहीत ना याची चौकशी नेमली जाई, पुढच्या महिन्यात ते पुन्हा उभे राहत आणि मगच परवानगी मिळे. या दोन तारखांपैकी एकही लग्नाची नाही. लग्नाची तारीख विवाहपत्रावर असते, आणि त्या कागदावर उपस्थित सर्वजण साक्षीदार म्हणून सही करीत. वधूवरांच्या नावांखालच्या रकान्यात बहुधा जवळचे नातेवाईक असतात. एका गावची अशी काही पत्रे शेजारी ठेवली की त्या पंचक्रोशीत कोण कोणाच्या घरी जात-येत होते ते कळू लागते.

स्थानिक इतिहासासाठी मला सर्वांत मोलाचे वाटतात ते स्थलांतराचे दाखले. सभासद दुसरीकडे निघाला की जुनी मीटिंग त्याच्या वर्तनाचा दाखला देई आणि नवी मीटिंग तो स्वीकारून नोंदवी, म्हणजे एकाच प्रवासाच्या दोन नोंदी होतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नॉर्थ कॅरोलिनातून ओहायो आणि इंडियानाकडे गेलेली कुटुंबे अशीच मोजता येतात. गुलामगिरी असलेल्या प्रांतात राहणे त्यांना नकोसे झाले होते. त्याआधी, १७७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने, म्हणजे त्या भागातल्या मंथली मीटिंगच्या वरच्या सभेने, गुलाम बाळगणाऱ्यांना सभासदत्व नाकारले होते. त्या सुमारास झालेल्या मुक्तिपत्रांत मुक्त केलेल्या माणसांची नावे आणि पुष्कळदा वयेही आहेत, त्यामुळे कृष्णवर्णीय अमेरिकी कुटुंबांनाही ही दप्तरे उपयोगी पडतात.

पेनसिल्व्हेनियाची कागदपत्रे स्वार्थमोर आणि हॅवरफोर्ड महाविद्यालयांत, नॉर्थ कॅरोलिनाची गिल्फर्डमध्ये सापडतील. इंग्लंडच्या जुन्या नोंदवह्या लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. लंडनच्या फ्रेंड्स हाउसच्या ग्रंथालयात होशंगाबाद-इटारसी भागातल्या क्वेकर मिशनचे कागद आहेत. तो मुलूख तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता, हे विदर्भातल्या अभ्यासकांसाठी सांगून ठेवतो.

शेवटी एक खबरदारी. १८२७ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत हिक्साइट (इलायस हिक्स यांच्या बाजूचे) आणि ऑर्थोडॉक्स (त्यांचे विरोधक) अशी फूट पडली, अनेक मंथली मीटिंग दुभंगल्या आणि वह्याही दोन झाल्या. ऑर्थोडॉक्स गटाने दुसऱ्या बाजूला गेलेल्यांचे सभासदत्व सरसकट रद्द केले. तेव्हा १८२८ च्या आसपास एखाद्या पूर्वजाचे नाव कमी केलेले दिसले, तर त्याने काही गैर केले असा निष्कर्ष काढू नये आणि आधी हिक्साइट गटाची वही मागवावी. तिथे तोच मनुष्य कुणाच्या तरी लग्नाच्या चौकशीवर नेमलेला सापडण्याचा संभव असतो.