नोझावाच्या बर्फात जाताना

नमस्कार श्रोतेहो.

जपानला जायचं ठरलं की आपल्याकडची मंडळी मार्चअखेरची तिकिटं शोधतात, साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला. मी इथे नागानो प्रांतात राहते, आणि माझं सांगणं आहे की एकदा तरी ऐन थंडीत या. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. आणि या ते नोझावा ओन्सेनला. नाव लिहून घ्या, नोझावा ओन्सेन. गरम पाण्याच्या झऱ्यांचं जुनं गाव आहे. गावाच्या डोक्यावर १६५० मीटर उंचीचा केनाशी डोंगर आहे आणि त्याच्या अंगावर स्कीचे उतार. इथला स्की क्लब गावकऱ्यांनी १९२३ साली काढला. १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमधली बायथलॉनची, म्हणजे स्की आणि नेमबाजीची, स्पर्धा इथेच झाली.

तोक्योहून होकुरिकू शिन्कान्सेन, म्हणजे त्या मार्गाची बुलेट ट्रेन, पकडायची आणि ईयामाला उतरायचं. दोन तासांच्या आतला प्रवास. एक ध्यानात ठेवा, गाडी ‘हाकुताका’ हवी. ‘कागायाकी’ ईयामाला थांबत नाही. पुन्हा सांगते, हाकुताका. स्टेशनबाहेरून बस मिळते, ती अर्ध्या तासाच्या आत गावात सोडते. गावातले रस्ते अरुंद आणि चढाचे, त्यावर बर्फ, तिथे चाकांच्या बॅगा ओढणं म्हणजे हाल. तोक्योच्या हॉटेलातूनच मोठं सामान एक-दोन दिवस आधी ‘ताक्युबिन’ या सामान पोचवणाऱ्या सेवेने मुक्कामाच्या पत्त्यावर पाठवून द्या. मुळात आपण सामान फार आणतो. चार दिवसांसाठी चार स्वेटर कशाला लागतात? स्की, बूट, कपडे सगळं गावात भाड्याने मिळतं.

सैबेरियाकडून येणारे कोरडे गार वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि या डोंगरांना अडून ते बर्फाच्या रूपात टाकून देतात. म्हणून इथे बर्फ एवढा पडतो. सगळ्यात वरच्या यामाबिको भागात तो जास्त कोरडा आणि भुसभुशीत असतो. सकाळी पहिल्या गोंडोलाने, म्हणजे दोरावरून चालणाऱ्या बंद पाळण्याने, थेट तिथे जा, खाली रेंगाळू नका.

पहिल्यांदाच स्की करणार असाल तर शिक्षक लावा. नवऱ्याने बायकोला आणि भावाने बहिणीला स्की शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. शिकवणारा वैतागतो, शिकणारी घाबरते आणि सुट्टी वाया जाते. इंग्रजी बोलणारे शिक्षक मिळतात. आणि बंद केलेल्या भागात, दोरीच्या पलीकडे जायचं नाही. दोरीच्या पलीकडे नाही म्हणजे नाही. तिकडे हिमकडे कोसळतात, आणि शोधायला माणसं पाठवावी लागली तर त्याचा खर्च तुमच्याकडून घ्यायचा, असा गावाचा नियम आहे.

आता मला जे सांगायचंय त्याकडे येते. गावात तेरा सार्वजनिक स्नानगृहं आहेत. ती गावकऱ्यांच्या मालकीची. तिकीट नाही, नोकर नाही, दाराशी दानपेटी असते. त्या-त्या आळीतली घरं पाळीपाळीने ती धुतात. आत बायकांचा आणि पुरुषांचा भाग वेगळा असतो, पण अंगावर कपडा कुणाच्याच नसतो.

माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. सत्तरीच्या जवळ आलेल्या, गुडघे दुखणारे. मुलगा आणि नातू दिवसभर डोंगरावर, आम्ही दोघी खाली. मी स्नानाचं सुचवलं, तर म्हणाल्या, “अगं, वज्रेश्वरीच्या कुंडातसुद्धा मी लुगड्यानिशी उतरले. चारचौघींत अशी कशी जाऊ?” मी पुन्हा विषय काढला नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजींनी संध्याकाळी जेवणात नोझावानाचं लोणचं वाढलं. नोझावाना म्हणजे इथली पालेभाजी, मिठात मुरवतात. आईंनी एक घास घेतला आणि मला म्हणाल्या, “विचार, वर वजन काय ठेवतात?” मी विचारलं. आजी उठून आत गेल्या आणि चक्क दोन हातांनी दगड उचलून घेऊन आल्या. मग मीठ किती, दिवस किती, पाणी सुटलं की काय करायचं, सगळं झालं. मी मधे बसून दोन्हीकडचं सांगत होते. उठताना आईंनी गुडघा धरला. आजींनी तो पाहिला, आपलाही गुडघा दाखवला आणि दाराकडे बोट केलं. आई उठल्या. मला वाटलं दारापर्यंत जातील. गेल्या त्या थेट स्नानगृहात.

आत वाफ इतकी की कुणी कुणाला नीट दिसत नाही. आजींनी छोट्या बादलीने आधी स्वतःच्या पायांवर, मग खांद्यांवर पाणी घेतलं, अंग धुतलं. आईंनी तसंच केलं. पाऊल पाण्यात बुडवलं आणि झटकन मागे घेतलं, इतकं ते कढत. कोपऱ्यातल्या बाईंनी इतरांकडे पाहून विचारलं, गार पाण्याचा नळ सोडू का? सगळ्यांनी मान हलवली तेव्हा तो सोडला, आणि आई गळ्यापर्यंत उतरल्यावर आठवणीने बंद केला. बाहेर आल्यावर आईंनी पेटीत पैसे टाकले आणि विचारलं, “हे सगळं धुतं कोण?” मी सांगितलं, शेजारपाजारच्या घरच्याच बायका.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर त्यांचं अंथरूण रिकामं. मी धावत गेले. आईंचं स्नान आटोपलं होतं, आणि त्या इकडेतिकडे पडलेल्या बादल्या गोळा करून भिंतीशी पालथ्या रचत होत्या. पाण्यात बसलेल्या दोन म्हाताऱ्या बघत होत्या. त्यातली एक सरकली आणि हाताने मला जागा दाखवली.

तेव्हा, आधी अंग धुवायचं, मग पाण्यात उतरायचं. आधी धुवायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. विचारल्याशिवाय गार नळ सोडायचा नाही, सोडलात तर बंद करायचा. फोटो अजिबात नाहीत. गावात ओगामा नावाचं उकळतं कुंड आहे, साधारण ९० अंशांचं. तिथे गावकरी भाज्या आणि अंडी उकडतात. ते कुंपणाबाहेरूनच पाहायचं, आत फक्त गावातल्या लोकांनी जायचं.

शाकाहारी असाल तर खोली धरतानाच कळवा, कारण सुपाच्या पाण्यातसुद्धा माशाचा अर्क असतो. रस्त्यावर ओयाकी मिळतात, वाफवलेले किंवा भाजलेले, आत सारण भरलेले. नोझावानाचं सारण मागा, पण त्यातही मासा आहे का ते विचारून घ्या.

१५ जानेवारीच्या रात्री इथे दोसोजिनचा, म्हणजे वाटेच्या राखणदार देवाचा, अग्निउत्सव असतो. लाकडांचा उंच मनोरा रचतात, वर बेचाळीस वर्षांचे पुरुष बसतात, खाली पंचविशीचे राखण करतात, आणि बाकीचं गाव पेटत्या मशाली घेऊन चाल करून येतं. शेवटी मनोरा पेटवतात. ठिणग्या दूरवर उडतात, जुना कोट घाला. त्या रात्री मुक्काम गावातच हवा आणि तो कित्येक महिने आधी धरावा लागतो. यायचं असेल तर पावसाळ्यातच चौकशी सुरू करा.

नमस्कार.