राब, गोठा आणि एक प्रबंध

उन्हाळ्यात दापोलीच्या आसपास फिरताना शेतातून धूर उठताना दिसतो. हा वणवा नव्हे; राब भाजणं चाललंय, म्हणजे भाताची रोपं जिथं तयार करायची ती जागा भाजून काढणं. खाली शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळ या झाडांची तोडलेली कवळं, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, मग गवत, पातेरा आणि वरून मातीचा हलका हात. पेटवलं की आच हळूहळू जमिनीत उतरते. तणाचं बी जळतं, राखेतून पालाश मिळतं आणि पावसाळ्यात भाताचं रोप तरारून येतं.

याच राबाचा हिशेब मांडायला दापोलीच्या कृषी विद्यापीठातली एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी बांधावर आली आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठानं कोकणाला भाताचे, आंब्याचे, काजूचे वाण दिले. हिचा विषय मात्र वाण नाही. डोंगरातून किती कवळ आलं, गोठ्यातून किती शेण आलं, कुणाचे किती तास गेले आणि भात किती झालं, हे सगळं तिला एका कागदावर हवं आहे. शाश्वत शेतीचा अभ्यास असाच करायला हवा. नुसतं हेक्टरी क्विंटल मोजून कोकणातलं घर कसं चालतं ते कळत नाही.

गावातल्या काकींनी तिला एक गोष्ट सांगितली, ती प्रबंधाच्या केंद्रस्थानी असायला हवी. त्यांच्याकडचा राब जंगल वाचवायचं म्हणून बंद झाला नाही. मुलं मुंबईला गेली, बैल विकले, गोठा रिकामा झाला, आणि राब आपोआप थांबला.

मग पर्याय काय? एक चारसूत्री लागवड, म्हणजे चार सूत्रांची भातलावणी. त्यातली दोन सूत्रं इथं महत्त्वाची. बांधावर गिरिपुष्प लावायचं, त्याचा पाला चिखलणीत गाडायचा, म्हणजे ऐन-किंजळ वाचतात. चार चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या चार झुपक्यांच्या, मधोमध युरिया-डीएपी खतांची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात वर फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो. खोल खोचलेली गोळी मुळांशी राहते. पण ती खोचायला वाकावं लागतंच, आणि वाकतात बहुतेक बायकाच.

दुसरा पर्याय कर्जतजवळच्या नेरळचा, सगुणा भात तंत्र. कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजतात. मजुरी वाचते, पण तणासाठी तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते. त्या तणनाशकाची नोंदही वहीत आलीच पाहिजे.

विद्यार्थिनीच्या प्रयोगातल्या प्रत्येक प्लॉटच्या खुंटीला ट्रीटमेंटचा, म्हणजे तिथं वापरलेल्या पद्धतीचा, क्रमांक आहे. ती ऑगरनं, म्हणजे माती काढायच्या गिरमिटानं, माती काढते, पिशवीत भरते, चिठ्ठी आत टाकते. ढेकूळ हातात चुरलं की जांभ्याचे लाल खडे बोटांत राहतात. या मातीतला सेंद्रिय कर्ब वाढायला बरीच वर्षं लागतात, आणि पदवी दोनच वर्षांची. तिच्या हाती येतील फार तर दोन खरीप. तेवढ्यात उत्पन्न कळेल, मजुरी कळेल. माती सुधारली की नाही, ते कळणार नाही.

म्हणून तिचे प्लॉट मोडू नयेत. त्याच खुंट्या, तीच ट्रीटमेंट, तीच वही पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, त्यानं त्याच्या पुढच्याला. आणि मजुरीच्या रकान्यात काकींचे तास घरचे म्हणून शून्य धरू नयेत.