बोअर घेताना भुकटी वाचा

[दृश्य: बोअरची गाडी, कॉम्प्रेसर सुरू]

पुणे परिसरात घरासाठी बोअर घेताना पहिला प्रश्न असतो, "किती फूट?" खरं उत्तर भोकाशेजारी साचणाऱ्या खडकाच्या भुकटीत असतं.

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचा. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला. थराचा माथा सच्छिद्र, म्हणजे मांजऱ्या. पोटात घट्ट काळा पाषाण. दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबडा गेरू. अखंड पाषाणात पाणी नाही. ते भेगांत, झिजलेल्या मांजऱ्यात आणि थरांच्या सांध्यावर मिळतं. मांजऱ्याची भोकं झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने बुजलेली असतील, तर तिथेही आशा कमीच.

[दृश्य: ओळीने मांडलेले भुकटीचे ढीग]

म्हणून दर 10 फुटांना मूठभर भुकटी बाजूला काढा, खोली लिहा. रंग कुठे बदलला, भुकटी कुठे ओली झाली, बिट, म्हणजे खडक फोडणारं टोक, कुठे झपकन सरकलं, सगळं टिपा. पुढे पंप कुठे सोडायचा, ते यावरूनच ठरतं. कोरडी राखाडी भुकटीच उडत राहिली, तर खोल जाण्याचा हट्ट नको. वरच्या वजनाने खालच्या भेगा मिटत जातात.

केसिंगमध्ये, म्हणजे भोकाच्या भिंती धरणाऱ्या पाइपात, मात्र काटकसर करू नये. मुरूम संपून पक्का खडक लागला की त्यात 3 ते 5 फूट पाइप रुतवायचा आणि बाहेरची पोकळी सिमेंटच्या घोळाने भरायची. पाइप मुरुमातच थांबवला, तर माती आत ढासळते आणि सेप्टिक टँकचं पाणी त्याच फटीतून उतरतं. गेरूचा त्रास वेगळा. भिजला की फुगतो, सुटतो. आधी बिटला ठोके देणारा हॅमर अडकतो, पुढे पंप. थर जाड असेल, तर भोक रुंद करून केसिंग गेरूच्या खाली न्यावं लागतं. वर पाणी लागलं असेल, तर तेवढ्या भागात जाळीचा पाइप घाला, नाहीतर ते पाणी बंद होईल.

[दृश्य: खाच असलेला पत्रा, पाण्याची धार]

पाणी मोजायला 90 अंशांची व्ही-खाच, म्हणजे पत्र्यात कापलेली V आकाराची खाच. खाचेच्या टोकापासून 1 इंच उंच पाणी म्हणजे ताशी सुमारे 500 लिटर; 2 इंच म्हणजे सुमारे 2,900. दुप्पट नव्हे, जवळपास पावणेसहा पट! मात्र सुरुवातीला भोकात साठलेलं पाणीही बाहेर पडतं. धार स्थिर झाल्यावरच आकडा घ्या, आणि पावसाळ्यानंतर बोअर घेतली असेल तर मे महिन्यात पुन्हा मोजा. पंप त्या आकड्यावर निवडा.