आख्ख्या चॅपलला गायला लावणारा पाद्री

नमस्कार मंडळी. आज बोलूया ब्रिटनमधल्या वेल्सच्या एका पाद्र्याबद्दल. नाव जॉन रॉबर्ट्स, पण तिकडे त्यांना येयन ग्विल्ट म्हणूनच ओळखतात. येयन हे जॉनचंच वेल्श रूप आणि ग्विल्ट म्हणजे रानटी. तरुणपणी कविता करायचे तेव्हाचं टोपणनाव, चर्चमधल्या गाण्याच्या बाबतीत माणूस मात्र भलताच कडक.

जन्म 1822 चा, ॲबरिस्टविथजवळचा. वकिलाकडे कारकुनी केली, लिव्हरपूलला वेल्श पेपर चालवला आणि मग 1858 ला ॲबरडेअरला आले, म्हणजे कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात. पुढच्याच वर्षी त्यांचं चर्चमधल्या स्तोत्रांच्या चालींचं पुस्तक आलं. त्या काळात लोकांना ओळी घोळवत गायच्या नटव्या चाली आवडायच्या, यांनी त्या सरळ बाजूला काढल्या आणि जर्मन चर्चमधल्या कोराल या सामूहिक स्तोत्रांसारख्या संथ, भारदस्त चाली घेतल्या. कारण काय, तर गाणं चार गळ्यांचं नाही, जमलेल्या सगळ्यांचं असायला हवं. मला हा विचार फार मोठा वाटतो.

त्याच 1859 मध्ये ॲबरडेअरच्या बेथानिया चॅपलमध्ये, म्हणजे तिथल्या प्रार्थनाघरात, त्यांनी गायनाचा मेळा भरवला, त्याला वेल्शमध्ये गमान्वा गानी म्हणतात. यात वेगळा कॉयर, म्हणजे निवडक गायकांचा गट, नसतो, आलेली माणसं आवाजाप्रमाणे बसतात, सोप्रानो आणि आल्टो म्हणजे बायकांचे उंच आणि खालचे आवाज, टेनर आणि बास म्हणजे पुरुषांचे उंच आणि खालचे, आणि सगळं चॅपल चार आवाजांत गातं.

आता स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य संगीताची रेघा-ठिपक्यांची लिपी, न शिकलेल्या खाणकामगाराने हे वाचायचं कसं? तर टॉनिक सोल्फा या अक्षरांच्या लिपीने. पाच रेघा नाहीत, काळे ठिपके नाहीत, नुसती डो रे मी ची पहिली अक्षरं आणि मध्ये ठोक्याच्या खुणा. डो कुठल्याही पट्टीत धरा, अगदी आपल्या सा सारखा! रॉबर्ट्सनी याचा जोरात प्रचार केला, त्यासाठी मासिकंसुद्धा चालवली.

स्वतःच्या चालींतली 'मोआब' आजही गातात. मायनर, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरांतली आहे, गंभीर, आणि बासचे लोक खालून उचलून धरतात तेव्हा अंगावर काटा येतो हो.

1877 मध्ये ते गेले, वय अवघं 54. पण त्यांच्याच पंथाचे वेल्श मिशनरी आपल्या ईशान्य भारतात आले होते ना, त्यांच्यासोबत ही सोल्फाही आली, आणि मिझोरामच्या चर्चमध्ये लोक आजही ती अक्षरं वाचून चार आवाजांत गातात.