चाळीस मैलांचं उड्डाण

श्रोतेहो, नमस्कार.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन शेजारची बेटं आहेत. त्यांच्या धावपट्ट्यांमध्ये जेमतेम २.७ किलोमीटरचं अंतर. आयलँडर हे छोटं पंख्याचं विमान वेळापत्रकाप्रमाणे दोन मिनिटांत पलीकडे पोचतं, वारा पाठीशी असेल तर त्याहूनही लवकर. हलक्या विमानाला हे जमून जातं. जेट विमानाला मात्र शेजारचा विमानतळ चांगलाच घाम फोडतो.

समजा, अंतर चाळीस नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर आहे. हजार फूट उतरायला साधारण तीन मैल लागतात, हा वैमानिकांचा तोंडी हिशेब. दहा हजार फुटांवर गेलं तर नुसतं उतरायलाच तीस मैल हवेत, आणि चढायचे मैल वेगळेच. म्हणून सहा हजारांवरच थांबायचं. उतरायला अठरा, चढायला आठ-दहा. सरळ उडायला उरतात बारा-चौदा मैल. २५० नॉट, म्हणजे तासाला २५० नॉटिकल मैल वेगाने ते साधारण तीन मिनिटांत संपतात. तेवढ्यात उड्डाणानंतरची चेकलिस्ट, रेडिओची फ्रीक्वेन्सी बदलणं, पुढच्या विमानतळाचं हवामान आणि हवेचा दाब टिपून घेणं, उतरण्याची परवानगी, पुन्हा चेकलिस्ट! हे हवेत उरकू म्हणणारा फसतो, विमान उंच आणि वेगात राहतं आणि धावपट्टी समोर येते. म्हणून उतरण्याचं ब्रीफिंग निघण्यापूर्वी, विमान उभं असतानाच करतात: कोणती धावपट्टी, आयएलएस, म्हणजे धावपट्टीकडे उतरण्याची वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेची कोणती फ्रीक्वेन्सी, उतरणं रद्द झालं तर किती उंचीवर जायचं.

इंधनाचं गणितही उलटं वाटेल. प्रवासाला लागणाऱ्या इंधनाच्या पाच टक्के जादा ठेवायचं, पण ते किमान पाच मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं हवंच. लहान फेरीत पाच टक्के म्हणजे काहीच नाही, त्यामुळे हा पाच मिनिटांचा नियमच लागू होतो. वर जेटसाठी तीस मिनिटांचा अंतिम राखीव साठा आणि पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन. बहुतेकदा राखीव साठाच प्रवासाच्या इंधनाहून जास्त भरतो. पण म्हणून टाक्या काठोकाठ भरायच्या नाहीत. उतरतानाच्या वजनाला मर्यादा असते, आणि एवढ्याशा वाटेत इंधन जळून वजन फारसं कमी होत नाही. चढताना चाललेलं वजन उतरताना चालत नाही.

सगळ्यात महाग गोष्ट प्रवाशाला दिसतच नाही. विमानाचं वय तासांइतकंच सायकलमध्येही मोजतात. एक उड्डाण आणि एक उतरणं मिळून एक सायकल. केबिनमध्ये दर वेळी दाब भरतो, उतरतो, आणि धातू थकतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७च्या छताचा मोठा भाग २४,००० फुटांवर उडून गेला. त्या विमानाच्या जवळपास ९०,००० सायकल झाल्या होत्या, तास मात्र साधारण ३५,५००. म्हणजे सरासरी उड्डाण चोवीस मिनिटांचंही नाही! समुद्राच्या खाऱ्या हवेने सांधे गंजले, जोडावरचा चिकटपणा सुटला आणि रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या भोकांपाशी तडे वाढत गेले.

आणि ब्रेक. उतरल्यावर ते तापतात, आणि लगेच निघायचं म्हटलं तर निवायला वेळच नसतो. एअरबस ए३२०मध्ये ३०० अंश सेल्सियसच्या वर तापमान असेल तर उड्डाण करायचं नाही. कारण गळलेलं हायड्रॉलिक तेल तापलेल्या ब्रेकवर पडून पेट घेऊ शकतं. ब्रेक थोडे कमी तापले असले तरी काही वैमानिक उड्डाणानंतर चाकं लगेच आत घेत नाहीत, थोडा वेळ बाहेरच्या वाऱ्यात ठेवतात.